मिरवणुकीतला उजेड आणि डोळ्यातला पडदा

(मंडळाच्या श्रावणातील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘कृत्रिम प्रकाश आणि डोळ्यांचे आरोग्य’. पत्रिकेत छापायला चांगला आहे, पण अर्ध्या तासात मावणारा नाही. त्यात घरातला बल्ब येतो, चौकातला हायमास्ट येतो, मोबाइल येतो, वेल्डिंग येतं. या सगळ्यांना मी नुसता हात लावून पुढं जाणार आहे आणि एकाच दिव्यापाशी थांबणार आहे. कारण त्या दिव्याचा निर्णय पुढच्या बैठकीत आपल्यालाच घ्यायचा आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी सोलापूरहून जे कोटेशन आलंय ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. डीजे, ट्रस, चार शार्पी, आणि शेवटच्या ओळीत दोन लेझर. मी बोलणार आहे ते त्या शेवटच्या ओळीबद्दल.

आधी एक सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. सरकारी नोकरीत नेत्र साहाय्यक आहे, डिप्लोमा झालेला माणूस. चष्म्याचा नंबर काढणं, शाळांतून मुलांचे डोळे तपासणं, खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूचे पेशंट हुडकून शस्त्रक्रियेला पाठवणं, हे माझं काम. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, त्या गाड्याचं मी एक लहानसं चाक. त्यामुळं आज जे सांगेन ते तक्त्यासमोर बसून रोज जे दिसतं त्याच्या आधारानं, आणि जे शिकलोय त्याच्या आधारानं.

सुरुवात घाबरवण्यानं करायची नाही. उलट काही भीती काढून टाकायच्या आहेत. कारण सगळ्याच दिव्यांची भीती घातली, की खऱ्या धोकादायक दिव्याकडं कुणी लक्ष देत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मोबाइलचा. त्यातला निळा प्रकाश डोळ्याचा पडदा जाळतो म्हणे, आणि त्यासाठी ‘ब्लू कट’ काच घ्यायची. चष्म्याच्या दुकानात या काचेचे वेगळे पैसे पडतात. मोबाइलच्या किंवा घरातल्या एलईडीच्या उजेडानं पडदा जळत नाही. दुपारी बारा वाजता अंगणात उभं राहिल्यावर डोळ्यांत जितका निळा प्रकाश जातो, त्याच्या मानानं मोबाइलचा किरकोळ आहे. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत निळा प्रकाश गाळणाऱ्या काचेनं डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. मोबाइल बघून डोळे चुरचुरतात ते आपण पापण्या मिटायच्या विसरतो म्हणून. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवते, पडद्याकडं टक लावली की ती पाच-सातवर येते. डोळा कोरडा पडतो. त्याला औषध म्हणजे वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं काहीतरी बघणं. फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

दुसरी भीती कमी उजेडात वाचण्याची. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण कंदिलाच्या उजेडात शिकले. कमी उजेडात डोळे दमतात, डोकं दुखतं, पण त्यानं पडद्याला इजा होत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट खरी आहे आणि ती उजेडाचीच आहे. जी मुलं दिवसाचा उजेड कमी बघतात, त्यांना जवळचा नंबर लागण्याची शक्यता वाढते. वर्गात तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर मोकळ्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत दहा हजारांच्या पुढं. तैवाननं २०१० पासून शाळेतल्या मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम घेतला, तो ह्याच कारणासाठी. तेव्हा वहिनींनो, संध्याकाळी पोर गल्लीत खेळतंय म्हणून ओरडू नका. हा विषय खरं तर वेगळ्या भाषणाचा आहे.

आता वेल्डिंग. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडं हे पेशंट हमखास येतात. मंडपाचा सांगाडा, ट्रॉलीवरची कमान, मखराचा लोखंडी साचा. वेल्डर काच न लावता टाके मारतो आणि शेजारी दोन पोरं उभी राहून बघतात. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू टाकल्यासारखी आग सुरू होते, पाणी थांबत नाही, डोळा उघडवत नाही. आईवडील घाबरून घेऊन येतात. वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण डोळ्याच्या बाहेरच्या काचेला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराला भाजतात. दुखणं भयंकर, पण तो थर भरून निघतो. एक-दोन दिवसांत पोरगं पुन्हा मंडपात हजर. मैदानावरच्या जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांची बाहेरची काच फुटली आणि दिवा तसाच जळत राहिला, तरी हेच होतं.

वेल्डिंगची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लेझरचं सगळं उलटं आहे. वेल्डिंग दुखतं आणि बरं होतं. लेझर दुखत नाही. आणि बरं होईलच असंही नाही.

गेल्या वर्षी गणपती होऊन तीन दिवस झाल्यावर एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. गाव सांगत नाही. मिरवणूक आपली नव्हती. वय एकोणीस. म्हणाला, ‘कण्ण मंज आगेद्री.’ डोळ्याला धुकं आलंय. आमच्याकडं हे वाक्य दिवसाला वीसदा ऐकू येतं, पण ते साठीच्या पुढच्या माणसांच्या तोंडून. मी तक्ता दाखवला. उजव्या डोळ्यानं शेवटपर्यंत वाचला. डाव्या डोळ्यानं वरच्या ओळी वाचल्या आणि पुढं मान वाकडी करायला लागला. मी म्हटलं, सरळ बघ. तर म्हणाला, सरळ बघितलं की अक्षर जातं, बाजूनं बघितलं की दिसतं. मान वाकडी करून वाचणारा माणूस दिसला की आम्ही हबकतो, कारण त्याचा अर्थ पडद्याचा मधला भाग गेलाय. डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी करून बघितलं. पडद्याच्या बरोबर मध्यावर पिवळसर ठिपका. कलबुर्गीला पाठवलं, तिथं स्कॅन झाला, तोच निघाला.

मग विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. ट्रॉलीच्या समोर नाचत होता, हिरवा किरण एकदा डोळ्यात आला, दिपल्यासारखं झालं. घरी जाऊन झोपला. सकाळी मध्ये डाग होता, वाटलं जागरणानं असेल. मेडिकलमधून थेंब घेऊन दोन दिवस घातले. काही महिन्यांनी थोडी सुधारणा झाली, नंतर ती थांबली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे पळायला जायचा. भरतीत पळून झाल्यावर तक्ताही वाचावा लागतो.

हे एकट्या त्याचं नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुणे, नाशिक, कोल्हापूर भागातल्या नेत्रतज्ज्ञांकडं असे तरुण पेशंट आले आणि वर्तमानपत्रांत त्यावर बरंच छापून आलं. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं लेझरवर बंदी घाला अशी मागणी केली. २०२४ मध्ये कोल्हापूर भागात आगमनाच्या मिरवणुकीत एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला, बंदोबस्ताला असलेल्या पोलिसाच्या डोळ्यालाही इजा झाली. त्याच वर्षी पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी उत्सवाच्या काळात लेझर बीमला मनाई केली. त्याआधी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं डीजे आणि लेझरविरुद्ध जनहित याचिका गेली होती. लेझरच्या अशा वापराला आवर घालणारा खास कायदाच नाही, ही गोष्ट त्या वेळी उघड झाली. मला यातून एवढंच दिसतं, की कुणीतरी वरून हुकूम काढील म्हणून आपण वाट बघत बसलो तर विसर्जन होऊन जाईल.

आणि हे आपल्याच लोकांचं वेड आहे असंही समजू नका. २००८ च्या जुलैत रशियात मॉस्कोपासून थोड्या अंतरावर मोकळ्या मैदानावर एक संगीत महोत्सव होता. पाऊस आला म्हणून वर तंबू ताणले. लेझर आकाशाकडं सोडायचे ते तंबूमुळं गर्दीकडं वळवले. पुढच्या काही दिवसांत मॉस्कोच्या रुग्णालयांत डझनावारी तरुण पडद्यावर भाजल्याच्या खुणा घेऊन आले. यंत्र तेच, माणसं तीच, फक्त किरणाची दिशा बदलली होती.

आता हे होतं कसं, ते सांगतो. इथं थोडा वेळ द्या.

साधा दिवा पेटला की उजेड चारी बाजूंना पसरतो. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौपट कमी होतो. डोळ्यापर्यंत येईस्तोवर त्याचा जोर गेलेला असतो. लेझरचा किरण पसरत नाही म्हटलं तरी चालेल. मंदिराच्या कळसावर तो जेवढा बारीक दिसतो जवळजवळ तेवढाच बारीक तो ट्रॉलीतून निघतो. आणि आपल्या डोळ्यात देवानं भिंग बसवलेलं आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगानं ऊन गोळा करून कागद जाळलाय. डोळ्यातलं भिंग लेझरचा किरण तसाच गोळा करतं आणि पडद्यावर एका बिंदूवर आणतं. बुबुळावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोहोचेपर्यंत लाखपट होते. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नका असं घरातली मोठी माणसं सांगतात, ते बरोबरच आहे. पण एक मिलीवॅटचा साधा लेझर पॉइंटर सरळ डोळ्यात गेला, तर पडद्यावरचा त्याचा ठिपका सूर्याच्या ठिपक्यापेक्षाही प्रखर असतो. तो फार लहान असतो आणि आपण पापणी मिटतो, म्हणून बहुतेक वेळा वाचतो.

मिरवणुकीतलं यंत्र एक मिलीवॅटचं नसतं. ते एक वॅट, तीन वॅट, पाच वॅटचं असतं. एक वॅट म्हणजे हजार मिलीवॅट. लेझरचे धोक्याप्रमाणं वर्ग पाडलेले आहेत, पाचशे मिलीवॅटच्या पुढचे सगळे चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्गात. त्यांच्या पुढं वर्गच नाही.

एक हिशोब करून दाखवतो. तीन वॅटचं यंत्र घ्या. दहा मीटरवर त्याचा किरण पसरून साधारण अडीच सेंटिमीटरचा, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढा झाला असं धरा. रात्रीच्या अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. त्या नाण्याच्या साधारण तेराव्या हिश्श्याएवढा प्रकाश बाहुलीतून आत जाईल. तीन वॅटचा तेरावा हिस्सा म्हणजे सव्वादोनशे मिलीवॅटच्या आसपास.

आता हा आकडा घेऊन माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चला. मधुमेहानं पडदा खराब झालेल्या माणसांना लेझर मारतात, हे इथल्या काही जणांना अनुभवानं ठाऊक आहे. तिथं लेझरचं काम पडद्याचे ठरावीक ठिपके जाळणं हेच असतं, मुद्दाम. बऱ्याच ठिकाणी तो लेझर हिरवाच असतो, ५३२ नॅनोमीटरचा, मिरवणुकीत दिसतो त्याच रंगाचा. आणि त्याची ताकद? साधारण शंभर ते तीनशे मिलीवॅट. वेळ सेकंदाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी. पेशंटची हनुवटी टेकवून, डोकं पट्ट्यानं बांधून, डॉक्टर मधला बिंदू चुकवून एकेक ठिपका मारतात, हललास तर घोटाळा होईल म्हणून दहा वेळा बजावतात. तेवढीच ताकद आपण ट्रॉलीवर चढवून, रस्त्यातल्या खड्ड्यांतून नेत, नाचणाऱ्या माणसांच्या तोंडावर सोडतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. जळायला त्याहून कमी.

आणि जळतो तो नेमका मधला भाग, कारण माणूस उजेडाकडं बघतो. अंधारात काही चमकलं की डोळा आपोआप तिकडं वळतो आणि तो किरण बरोबर पडद्याच्या केंद्रावर येतो. ते केंद्र दीड मिलिमीटरचं आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, नाणं ओळखणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्या दीड मिलिमीटरवर चालतं. तिथल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. चष्म्यानं फरक पडत नाही. रक्त साचलं असेल तर ते कधी आपोआप विरतं, कधी शस्त्रक्रियेनं काढता येतं. भोक पडलं असेल तर त्यावरही शस्त्रक्रिया आहे. जळलेल्या जागेवर मात्र नवी कातडी आणून बसवता येत नाही. पडद्याला दुखण्याची संवेदना नाही, म्हणून त्या क्षणी कळतही नाही.

निळ्या लेझरबद्दल एक जास्तीचं. तेवढ्याच ताकदीचा निळा किरण आपल्या डोळ्याला हिरव्यापेक्षा मंद वाटतो. मंद वाटतो म्हणून माणूस जास्त वेळ बघतो. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, त्यातून निळा प्रकाश जास्त आत जातो. आणि मिरवणुकीत मूल कुठं असतं? बापाच्या खांद्यावर. ट्रसच्या समोर, सगळ्यांच्या वर.

परवा मी हे एका कार्यकर्त्याला सांगत होतो. त्यानं सरळ विचारलं, ‘साहेब, एवढी माणसं दरवर्षी नाचतात, सगळीच आंधळी झाली पाहिजेत की मग?’ प्रश्न बिनतोड आहे, त्याला टाळून चालणार नाही. यंत्रातला आरसा किरणाला सारखा फिरवत असतो. पंखा, जाळी, बोगदा असे जे आकार दिसतात ते एकाच किरणाला भराभर फिरवून तयार होतात. फिरता किरण एकेका डोळ्यावरून सेकंदाच्या हजाराव्या भागात निघून जातो, म्हणून बहुतेक जण सुटतात. पण आरसा अडकला, वायर हलली, गाणं बदलताना चालवणाऱ्यानं किरण एका जागी थांबवला, की तो पंखा एक उभी सळई होतो. त्या वेळी समोर कोण आहे, यावर सगळं ठरतं. आणि ते यंत्र भाड्याचं, कुठल्या बनावटीचं, खरंच किती वॅटचं, हे चालवणाऱ्या पोरालाही माहीत नसतं. डब्यावर लिहिलेलं आणि आतून निघतं ते एक असेलच असं नाही. भोवऱ्यावर लावलेली पैज आहे ही. बहुतेक वेळा जिंकू. पण पैजेवर लावलेला डोळा आपला नाही, समोरच्याचा आहे.

ज्यांना माझं बोलणं पटत नाही त्यांनी मोबाइलवाल्याला विचारा. मिरवणुकीचं शूटिंग करताना लेझर कॅमेऱ्यावर आला आणि नंतर प्रत्येक फोटोत एक रेघ कायमची येऊ लागली, असे फोन दुरुस्तीला येतात. कॅमेऱ्यालाही भिंग आणि पडदा असतो. कॅमेरा बदलता येतो.

परदेशात लेझरचे कार्यक्रम होतात, मग ते कसे चालतात? अमेरिकेत नियम असा, की प्रेक्षक उभे राहतात त्या जमिनीपासून तीन मीटर उंचीच्या खाली किरण आणायचा नाही. आता आपली मिरवणूक डोळ्यांपुढं आणा. ट्रॉली, त्यावर ट्रस, त्यावर लेझर. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर माड्या. माडीच्या गच्चीवर ताई-वहिनी, आजी, लेकुरवाळ्या बायका मुलांना घेऊन उभ्या. खाली सोडला तर नाचणाऱ्यांच्या डोळ्यांत, वर सोडला तर गच्चीवरच्यांच्या डोळ्यांत. आपल्या बाजारपेठेत रिकामी अशी उंचीच नाही. त्यात दुकानांच्या काचा, भांड्याच्या दुकानातली स्टीलची पातेली, मोटारसायकलींचे आरसे. गुळगुळीत पृष्ठभागावरून उलटलेला किरण तितकाच वाईट.

काळा गॉगल लावून चालेल का, हाही प्रश्न येतो. नाही. साधा गॉगल थोडा उजेड कमी करतो, आणि त्याच्या काळोखामागं बाहुली आणखी उघडते. लेझरसाठी त्या-त्या रंगाचे खास चष्मे असतात, ते प्रयोगशाळेतल्या माणसांसाठी. पाचशे माणसांना ते घालून कुणी नाचवणार आहे का?

आता कोटेशनमधली बाकीची यादी. कार्यकर्त्यांनो, शार्पीला माझी हरकत नाही. बरेच जण शार्पीलाही लेझर म्हणतात. तो लेझर नाही. आत दोन-अडीचशे वॅटचा दिवा असतो, भिंगानं त्याचा झोत केलेला. जवळून त्याच्याकडं टक लावून बघू नये, डोळे दिपतात, चालवताना तो माणसांच्या तोंडावर रोखून ठेवू नये. पण तो लांब गेला की पसरतो. ओळखायचं सोपं आहे. लांबच्या भिंतीवर झोत पाडा. शार्पीचं वर्तुळ मोठं होत जातं. लेझरचा ठिपका लहानच राहतो, आणि त्यात साखरेच्या दाण्यासारखी चमचमती रवाळ जाळी दिसते. ती दिसली की लेझर. सोलापूरवाले उद्या म्हणतील की हा लेझर नाही, नुसता लाइट आहे, तर ही परीक्षा तिथंच करा. पार कॅन, एलईडीचे वॉश, माळा, हे सगळं वाटेल तितकं लावा.

आणि नाव सारखं आहे म्हणून म्हणतो, आपल्याला लेझीम पाहिजे, लेझर कशाला? आपल्या मंडळातल्या बायकांनी मागच्या दोन महिन्यांत लेझीम बसवलंय. पूर्वी मिरवणुकीत गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन बायका-पुरुष दोन रांगांनी चालायचे. त्या पांढऱ्या उजेडात मूर्तीचा चेहरा दिसायचा. आता धूर आणि हिरव्या रेघांत मूर्ती कुठं आहे तेच शोधावं लागतं. हे माझं वैयक्तिक मत, डिप्लोमात शिकवलेलं नाही.

माझी मागणी लहान आहे. कोटेशनमधली शेवटची ओळ खोडून घ्यावी आणि करारात ‘लेझर लावणार नाही’ असं लिहून घ्यावं. लिहून यासाठी, की ऐनवेळी गाडीत पडलेलं यंत्र ‘तुमच्यासाठी फुकट लावतो’ म्हणून जोडलं जातं. पैसे वाचतील त्यातून ढोल-ताशाच्या पथकाला दोन तास जास्त बोलावता येईल. विसर्जनाच्या रात्री आपल्याला भीमेपर्यंत जायचं आहे, तिथं पाण्याकाठी उतरायच्या वाटेवर चांगल्या फोकसची गरज जास्त आहे. दिव्यावर खर्च करायचाच असेल तर तिथं करा.

आपण लावला नाही तरी दुसऱ्या मंडळाची ट्रॉली चौकात समोर येणारच. काहींना अक्कलकोट, दुधनी, सोलापूरची मिरवणूक बघायला जायचं असतं. तेव्हा लेझर दिसला की यंत्राच्या तोंडाकडं बघायचं नाही, पाठ करायची. खांद्यावरचं मूल खाली घ्यायचं. शूटिंग करायचं नाही. आणि चुकून डोळ्यात गेलाच, तर डोळा चोळू नका, मध, तूप, एरंडेल घालू नका, मेडिकलचे थेंब घालून वाट बघू नका. दिपल्याचा डाग काही मिनिटांत गेला पाहिजे. सकाळी उठल्यावरही मध्ये डाग, धुकं किंवा वाकडेपणा असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. आणि तिथं खरं सांगा की लेझर लागला. रात्री नाचायला गेलो होतो हे घरात कळेल म्हणून पोरं सांगत नाहीत, आणि डॉक्टर भलतीकडंच शोधत बसतात.

घरी तपासायचं साधन प्रत्येकाच्या घरात आहे. मुलांची गणिताची चौकोनी वही घ्या. पानाच्या मध्यावर पेनानं एक ठळक ठिपका काढा. जवळचा चष्मा असेल तर तो लावा, वही हातभर अंतरावर धरा, एक डोळा तळहातानं झाका आणि दुसऱ्या डोळ्यानं फक्त ठिपक्याकडं बघा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघू नका, चांगला डोळा वाईटाचं झाकून टाकतो. चौकोन सरळ दिसले तर ठीक. रेघा वाकल्या, मधले चौकोन गायब झाले, ठिपकाच दिसेना, तर वही तशीच बरोबर घेऊन या. साठीच्या पुढच्या आणि मधुमेह असलेल्या सगळ्यांनी मिरवणूक असो-नसो, महिन्यातून एकदा हे करावं. मी आज पंचवीस पानं काढून आणली आहेत, जाताना दाराशी घ्या.